जपान आणि ब्राझील: मजुरांच्या कराराने बांधलेल्या नात्याचा प्रकरण अभ्यास

जपान आणि ब्राझील यांच्यातील मैत्री, व्यापार आणि नौकानयनाचा पहिला करार ५ नोव्हेंबर १८९५ रोजी झाला. त्यावर सह्या झाल्या त्या पॅरिसमध्ये, कारण तोवर दोघांपैकी एकाचीही वकिलात दुसऱ्याच्या राजधानीत उघडलेली नव्हती. पृथ्वीच्या गोलावर हे दोन देश जवळजवळ एकमेकांच्या पायाखाली आहेत आणि त्यांच्या घड्याळांत बारा तासांचे अंतर आहे. दोघांची सीमा कोठे भिडत नाही, भाषा आणि धर्म वेगळे आहेत, आणि एकाने दुसऱ्यावर कधी राज्य केलेले नाही. तरीही जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत मोठी वस्ती आज ब्राझीलमध्ये आहे आणि तिची संख्या वीस लाखांच्या वर जाते. उलट बाजूने पाहिले तर जपानच्या कारखानदारी शहरांत सुमारे दोन लाख ब्राझिलियन नागरिक राहतात.

दूरच्या देशांचे संबंध राजदूत आणि व्यापारी घडवतात, असे सामान्यतः मानले जाते. जपान आणि ब्राझील यांच्या बाबतीत मात्र संबंधांचा पाया करारबद्ध मजुरांनी घातला. दोन्ही सरकारांनी आलटून पालटून या लोकांकडे कामापुरते पाहिले, आधी ब्राझीलने १९०८ पासून आणि नंतर जपानने १९९० पासून. गरज सरली किंवा संशय वाढला, की दोघांनीही हात आखडता घेतला. असे असूनही या संबंधांत जे टिकले, त्यातील बराच भाग याच लोकांनी आणि त्यांच्या संस्थांनी उभा केलेला आहे, असे माझे मत आहे आणि ते पुढील तपशिलांवरून तपासून पाहता येईल.

कॉफीचे मळे आणि कागदावरची कुटुंबे

ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली ती १८८८ मध्ये, म्हणजे अमेरिका खंडातील इतर सर्व देशांनंतर. साओ पाउलो राज्यातील कॉफीचे मळे त्यानंतर मुख्यतः इटलीहून येणाऱ्या मजुरांवर चालू लागले. परंतु मळेवाल्यांच्या वागणुकीविषयी तक्रारी इतक्या वाढल्या, की १९०२ मध्ये इटलीच्या सरकारने ब्राझीलच्या पैशाने होणाऱ्या स्थलांतरावर बंदी घातली आणि मळेवाले नवे मनुष्यबळ शोधू लागले. त्याच सुमारास जपानमध्ये शेतसाऱ्याच्या ओझ्याखाली लहान शेतकरी पिचले होते, रशियाविरुद्धच्या युद्धाने (१९०४–०५) तिजोरी रिकामी झाली होती आणि १९०७–०८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या समझोत्यामुळे तेथे मजूर पाठवण्याची वाट जवळपास बंद झाली होती. अशा प्रकारे एका देशाची निकड दुसऱ्या देशाच्या अडचणीला येऊन मिळाली.

स्थलांतर कंपनी चालवणाऱ्या र्यू मिझुनो यांनी नोव्हेंबर १९०७ मध्ये साओ पाउलो राज्याशी करार केला. त्यानुसार तीन वर्षांत तीन हजार लोक आणायचे होते. एकट्या माणसाला मळा सोडून पळून जाणे सोपे, म्हणून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबात काम करू शकणारी किमान तीन माणसे असावीत, अशी अट घालण्यात आली. ती पुरी करण्यासाठी अनेकांनी कागदोपत्री दत्तकविधान करून किंवा नावापुरते लग्न लावून कुटुंबे तयार केली. २८ एप्रिल १९०८ रोजी कोबे बंदरातून ‘कासातो मारू’ हे जहाज निघाले आणि १८ जून रोजी ७८१ करारबद्ध स्थलांतरितांना घेऊन सान्तोस बंदराला लागले. हे जहाज मुळात रशियाचे होते आणि जपानच्या हाती ते युद्धातूनच आले होते. प्रवाशांपैकी मोठा गट ओकिनावा बेटांवरचा होता.

त्यांना सांगितले गेले होते की कॉफीच्या झाडाला पैसा लागतो आणि काही वर्षांत श्रीमंत होऊन घरी परतता येते. प्रत्यक्षात ते पोहोचले तेव्हा तोडणीचा हंगाम उतरणीला लागला होता, झाडांवर फळ कमी होते आणि मजुरी तोडलेल्या फळांच्या मापावर ठरत असे. मळ्यावरच्या दुकानात माल महाग मिळे आणि तोही उधारीवर घ्यावा लागे, त्यामुळे पहिल्याच महिन्यापासून हिशेब उलटा चालू लागला. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची उचल ज्या रीतीने फिटता फिटत नाही, त्याच रीतीचे हे गणित होते. वर्षभरात बहुतेकांनी मूळ मळे सोडले. कोणी रेल्वेच्या कामावर गेले, कोणी शहरात आणि कोणी सरहद्द ओलांडून अर्जेंटिनात गेले.

या पहिल्या व्यवहारातून मिझुनो यांच्या पदरात वेगळेच फळ पडले. स्थलांतरित आणल्याच्या बदल्यात साओ पाउलो राज्याने त्यांना ब्राझिलियन कॉफी विनामूल्य पुरवली आणि तिच्या जोरावर त्यांनी १९११ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात ‘काफे पाउलिस्ता’ सुरू केले. जपानच्या शहरी मध्यमवर्गाला कॉफीची गोडी लावणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांत त्याची गणना होते. मळ्यावर राबणाऱ्यांच्या पदरात घट्टे पडले आणि गिन्झात स्वस्त पेले भरले गेले, हा विरोधाभास या प्रकरणाच्या आरंभीच नोंदवून ठेवला पाहिजे.

पडीक जमीन, बटाटा आणि मिरी

मळे सोडलेल्यांपैकी अनेकांनी पैसे साठवून जंगल न तोडलेली स्वस्त जमीन घेतली, आणि माझ्या मते खरे नाते येथे सुरू होते. साओ पाउलो शहराजवळच्या कोतिया येथे ८३ जपानी बटाटा उत्पादकांनी १९२७ मध्ये सहकारी संस्था काढली. साठवण, वाहतूक, खत, बियाणे आणि कर्ज अशी एकेक जबाबदारी अंगावर घेत ती पुढे ब्राझीलमधील सर्वांत मोठ्या कृषी सहकारी संस्थांपैकी एक बनली. महाराष्ट्राने सहकाराचे चढउतार जवळून पाहिले असल्याने मराठी वाचकाला या वाढीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि अखेर १९९४ मध्ये कर्जाच्या भाराखाली ती संस्था बंद पडली, हेही त्याला अनोळखी वाटणार नाही. परंतु त्या सदुसष्ट वर्षांत साओ पाउलोच्या बाजारातील भाजीपाल्याचा आणि फळांचा चेहराच पालटून गेला.

१९२४ मध्ये अमेरिकेने जपानी स्थलांतर पूर्णपणे बंद केले. त्यानंतर जपान सरकार स्वतः ब्राझीलच्या प्रवासाचा खर्च उचलू लागले आणि १९३३ मध्ये एका वर्षात चोवीस हजारांच्या आसपास लोक आले. १९०८ ते १९४१ या काळातील एकूण संख्या पावणेदोन लाखांच्या वर जाते. अॅमेझॉनच्या खोऱ्यात पारा राज्यातील तोमे-आसू येथे १९२९ मध्ये वसाहत झाली. हिवतापाने तेथे अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली आणि कोकोची लागवड फसली. १९३३ मध्ये एका जहाजावरून सिंगापूरहून काळ्या मिरीची थोडी रोपे तेथे पोहोचली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगात मिरीचे भाव चढले, तेव्हा त्याच वेलींनी ही वसाहत तारली. मिरीचे मूळ घर म्हणजे आपला मलबार, आणि तिने सिंगापूरमार्गे अॅमेझॉनपर्यंत मारलेली ही मजल मला फार मोलाची वाटते. पुढे बुरशीजन्य रोगाने वेली मरू लागल्यावर तेथील शेतकऱ्यांनी एका पिकावर विसंबणे सोडले. मिरी, कोको, आसाई हा फळे देणारा ताड आणि उंच वाढणारी झाडे एकाच जमिनीत थरांनी लावण्याची त्यांनी बसवलेली पद्धत आज कृषिवनशेतीचा नमुना म्हणून अभ्यासली जाते.

संशयाची वर्षे

१९३४ च्या ब्राझिलियन राज्यघटनेने प्रत्येक राष्ट्रीयत्वाच्या वार्षिक स्थलांतरावर, मागील पन्नास वर्षांत स्थायिक झालेल्या त्या देशाच्या लोकांच्या दोन टक्के, अशी मर्यादा घातली. जपानी लोक उशिरा येऊ लागलेले असल्याने या नियमाचा सर्वाधिक फटका त्यांनाच बसला, आणि तो तसा बसावा हाच चर्चेत पुढाकार घेणाऱ्यांचा हेतू होता. राष्ट्राध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांनी १९३७ मध्ये हुकूमशाही राजवट आणल्यानंतर परकीय भाषांतील शाळा आणि मग वृत्तपत्रे बंद झाली. जानेवारी १९४२ मध्ये राजनैतिक संबंध तुटले. सार्वजनिक ठिकाणी जपानी बोलणे हा गुन्हा ठरला आणि प्रवासासाठी परवाना लागू लागला. जुलै १९४३ मध्ये तर सान्तोस आणि किनारपट्टीवरील जपानी व जर्मन कुटुंबांना चोवीस तासांत घरे सोडण्याचा हुकूम निघाला. त्यातील बहुसंख्य कुटुंबे जपानी होती.

याचा परिणाम युद्ध संपल्यावर दिसला. स्वतःच्या भाषेतील वृत्तपत्र नाही आणि पोर्तुगीज वाचता येत नाही, अशा समाजात अफवा हेच वार्तापत्र झाले. जपान हरला यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. ‘शिंदो रेनमेई’ या संघटनेशी संबंधित लोकांनी १९४६–४७ मध्ये पराभव मान्य करणाऱ्या आपल्याच देशबांधवांवर हल्ले केले आणि त्यांत किमान २३ जणांचा जीव गेला. मारेकऱ्यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही, पण बातमीचे सगळे मार्ग बंद करणाऱ्या राजवटीचा वाटा नोंदवल्याशिवाय या हिंसेचे कारण पूर्ण सांगितले, असे म्हणता येणार नाही.

याच वातावरणात १९४६ च्या घटना समितीपुढे जपानी स्थलांतरावर कायमची बंदी घालण्याची दुरुस्ती आली. मते ९९ विरुद्ध ९९ अशी समसमान पडली आणि अध्यक्षांनी निर्णायक मत विरोधात दिल्याने दुरुस्ती फेटाळली गेली. ब्राझील आणि जपान यांच्या संबंधांचे पुढील सारे प्रकरण, पोलादापासून सोयाबीनपर्यंत, त्या एका मतावर उभे आहे. युद्धकाळातील आणि युद्धोत्तर छळाबद्दल ब्राझीलच्या माफी आयोगाने जपानी समाजाची औपचारिक क्षमा मागितली ती जुलै २०२४ मध्ये. तोवर तो छळ सोसलेल्यांपैकी फार थोडे जण हयात होते.

युद्धातील पराभवाने स्थलांतरितांच्या मनातील परतण्याचा विचार मात्र संपवला. त्यांनी मुलांना शिकवले आणि कुटुंबे शहरांत आली. लहानपणी आलेल्या आणि कॉफीच्या मळ्यात राबलेल्या मानाबू माबे या चित्रकाराला १९५९ च्या साओ पाउलो द्वैवार्षिकात मोठा सन्मान मिळाला. १९६९ मध्ये जपानी वंशाची व्यक्ती प्रथमच केंद्रीय मंत्री झाली. १९७४ मध्ये शिगेआकी उएकी यांच्याकडे खाण आणि ऊर्जा खाते आले, आणि हे वर्ष पुढील भागात महत्त्वाचे आहे.

पोलाद आणि सोयाबीन

राजनैतिक संबंध १९५२ मध्ये पुन्हा जुळले. स्थलांतर लगेच पुढच्या वर्षी सुरू झाले, पण आता त्याच्या बरोबरीने भांडवलही येऊ लागले. राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांच्या कारकिर्दीत १९५७ मध्ये झालेल्या समझोत्याने मिनास जेराईस राज्यातील ‘उसिमिनास’ या पोलाद कारखान्यात जपानी कंपन्यांनी ४० टक्के भाग घेतला आणि १९६२ मध्ये इपातिंगा येथे भट्टी पेटली. युद्धानंतर जपानने परदेशात घेतलेल्या मोठ्या औद्योगिक प्रकल्पांपैकी हा अगदी सुरुवातीचा. रिओचा जहाजबांधणी कारखाना, लगदा, अॅल्युमिनियम आणि लोहखनिज या क्षेत्रांतील भागीदाऱ्या त्यामागून आल्या. त्यांचे सूत्र सरळ होते: जपानला कच्चा माल हवा होता आणि ब्राझीलला यंत्रे व कर्ज.

मध्य ब्राझीलच्या सेराडो या माळरानाची गोष्ट इतकी सरळ नाही. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. ती थोड्याच काळात सैल झाली, पण तोफू, मिसो आणि सोया सॉस ज्यांच्या रोजच्या जेवणात आहेत आणि जे सोयाबीनसाठी जवळजवळ संपूर्णपणे अमेरिकेवर विसंबून होते, त्या जपानला हा मोठा धक्का होता. सप्टेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका ब्राझीलला गेले आणि राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांच्याशी त्यांची चर्चा झाली. सेराडोत संयुक्तपणे शेती विकसित करण्याची कल्पना या भेटीतून पुढे आली.

सेराडो सुमारे वीस कोटी हेक्टरांवर पसरलेला आहे. पाऊस पुरेसा, जमीन सपाट आणि खोल, पण माती आम्लधर्मी. तिच्यात अॅल्युमिनियमचे प्रमाण पिकाला मारक ठरेल इतके असते आणि स्फुरद फारच कमी. ब्राझीलच्या ‘एम्ब्रापा’ या कृषी संशोधन संस्थेने चुन्याची मात्रा, स्फुरदाचा पुरवठा आणि विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांतही भरपूर वाढणारे सोयाबीनचे वाण यांवर काम केले. हे श्रेय मुख्यतः ब्राझिलियन शास्त्रज्ञांचे आहे, आणि जपानी मदतीच्या कौतुकात ते अनेकदा झाकले जाते. त्याच वेळी हेही खरे, की सेराडोत संघटितपणे शेती वसवता येते याचा दाखला १९७३ पासून साओ गोतार्दो येथे मिळाला होता आणि तेथे जाऊन राबलेल्या शेतकऱ्यांत कोतिया सहकारी संस्थेचे जपानी वंशाचे सभासद अग्रभागी होते. टोकियोतील अधिकाऱ्यांना भरवसा वाटला, तो केवळ माती परीक्षणाच्या अहवालांमुळे वाटला नसावा. कोतियाच्या बटाटा उत्पादकांनी जमवलेली पत येथे देशाच्या कामी आली.

‘प्रोदेसेर’ हा संयुक्त कार्यक्रम १९७९ मध्ये सुरू झाला आणि तीन टप्प्यांत २००१ पर्यंत चालला. त्यातून सुमारे ३.४५ लाख हेक्टर जमीन लागवडीखाली आली. सेराडोच्या एकूण विस्तारापुढे हा आकडा लहान आहे. कार्यक्रमाचे महत्त्व वाट दाखवण्यात होते, कारण त्यामागून खाजगी भांडवल आणि दक्षिणेकडचे शेतकरी लोटले. १९८० च्या दशकात महागाईच्या दराशी जोडलेल्या कर्जांनी वसाहतीतील अनेक शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले, हेही विसरता कामा नये. आज ब्राझील सोयाबीनचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे, मात्र त्याचा मुख्य ग्राहक चीन आहे. जपानला मिळाले ते थेट धान्यापेक्षा बाजारातील स्थैर्य, म्हणजे एका पुरवठादाराने दार लावले तरी दुसरे उघडे राहण्याची हमी. लातूर किंवा वाशीमचा शेतकरी सोयाबीनचा भाव पाहताना ब्राझीलच्या पिकाचा अंदाजही ऐकतो, कारण भारत त्या देशातून सोयातेल विकत घेतो. त्या भावामागे १९७४ ची ती चर्चा कुठेतरी आहे.

या यशाची किंमत मोठी आहे. सेराडोतील नैसर्गिक वनस्पतींचे आच्छादन जवळपास निम्मे नष्ट झाले आहे, आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक मोठ्या नद्यांचे उगम याच पठारावर आहेत. ‘ओसाड जमीन’ म्हणून जिचे वर्णन केले गेले, त्या भूमीवर आदिवासी आणि लहान शेतकरी राहत होते. दोन्ही सरकारांनी हाच नमुना ‘प्रोसवाना’ या नावाने २००९ पासून मोझांबिकमध्ये नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तेथील शेतकरी संघटनांनी जमीन जाण्याच्या भीतीने त्याला ठाम विरोध केला आणि २०२० मध्ये तो गुंडाळावा लागला. मोझांबिकच्या शेतकऱ्यांनी सेराडोचा इतिहास नीट वाचला होता, असेच म्हणावे लागेल.

उलटा प्रवास

१९८० च्या दशकात ब्राझील कर्ज आणि महागाईत बुडाला, आणि जपानच्या वाहन व इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांना मजूर मिळेनासे झाले. १९९० मध्ये अमलात आलेल्या कायदा दुरुस्तीने जपानी वंशाच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या लोकांना कामावर निर्बंध नसलेला दीर्घ निवासाचा परवाना दिला. रक्ताचे नाते असल्याने हे लोक समाजात सहज मिसळतील, असा हिशेब होता. तो चुकला. ब्राझीलमध्ये ज्यांना आयुष्यभर ‘जपानी’ म्हटले गेले होते, ते हामामात्सु, तोयोता आणि ओइझुमी येथे ‘ब्राझिलियन’ ठरले. बहुतेकांना कंत्राटदारामार्फत काम मिळाले आणि नोकरीची शाश्वती कधीच मिळाली नाही. २००७ पर्यंत त्यांची संख्या तीन लाखांवर गेली.

२००८ च्या मंदीत हेच कंत्राटी कामगार आधी काढले गेले. एप्रिल २००९ पासून जपान सरकारने परत जाऊ इच्छिणाऱ्या बेरोजगार कामगाराला तीन लाख येन आणि त्याच्या प्रत्येक कुटुंबीयाला दोन लाख येन देऊ केले. अट अशी, की त्याच परवान्यावर पुन्हा जपानमध्ये यायचे नाही. सुमारे वीस हजार ब्राझिलियन परतले. बंदी २०१३ मध्ये शिथिल झाली. तातडीची मदत म्हणून या योजनेचे समर्थन करता येईल, परंतु ज्यांनी तेथे दोन दशके कर भरला, ज्यांची मुले तेथेच जन्मली, त्यांना तिकिटाच्या बदल्यात हक्क सोडायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. शिक्षणाचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण परदेशी नागरिकांच्या मुलांना कायद्याने लागू होत नाही, आणि २०१९ च्या सरकारी पाहणीत विविध देशांची मिळून सुमारे वीस हजार परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता आढळली. हामामात्सुसारख्या परदेशी कामगारांच्या शहरांनी २००१ मध्येच एकत्र येऊन केंद्राकडे भाषा शिक्षण आणि विमा यांची मागणी केली होती. या प्रश्नात नगरपालिका राष्ट्रीय सरकारच्या कितीतरी पुढे होत्या.

चौथ्या पिढीसाठी २०१८ मध्ये वेगळा परवाना आला. वय १८ ते ३०, मूलभूत जपानी भाषा येणे आवश्यक, मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षे आणि कुटुंब सोबत आणण्यास मनाई, अशा त्याच्या अटी होत्या. १९०८ मध्ये कुटुंबाशिवाय प्रवेश नव्हता, कारण मजूर बांधून ठेवायचा होता. २०१८ मध्ये कुटुंबासह प्रवेश नाही, कारण तो रुजू द्यायचा नव्हता. वर्षाला चार हजार जागा ठेवूनही अर्जदार फार थोडे आले आणि २०२३ च्या अखेरीस अटी सैल कराव्या लागल्या.

सरकारी नियोजनाबाहेरचे आणि आतले

संस्कृतीच्या क्षेत्रात सरकारी नियोजनाचा वाटा कमी दिसतो. ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलेममध्ये स्थायिक झाले. तेथे त्यांच्याकडे शिकलेल्या कार्लोस ग्रेसी यांच्या घराण्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू वाढले आणि जगभर गेले. त्याच्या उलट दिशेने, १९९१ मध्ये ब्राझीलचे फुटबॉलपटू झिको काशिमा या लहान गावाच्या कंपनी संघात खेळायला गेले आणि दोन वर्षांनी सुरू झालेल्या जे-लीग या जपानच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेला त्यांच्यामुळे बळ मिळाले. बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीतशैलीला तर जपानमध्ये असे श्रोते मिळाले, की मायदेशी दुर्मीळ झालेल्या तिच्या ध्वनिमुद्रिका तेथे पुन्हा निघत राहिल्या.

तंत्रज्ञानात २००६ चा निर्णय ठळक आहे. ब्राझीलने डिजिटल दूरचित्रवाणीसाठी जपानी मानक स्वीकारले, त्यात स्वतःचे बदल केले आणि ते सुधारित मानक पुढे दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देशांनी घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत स्थायी जागा मिळावी म्हणून दोन्ही देश भारत आणि जर्मनी यांच्यासह ‘जी-४’ गटात आहेत. मार्च २०२५ मध्ये राजनैतिक संबंधांच्या १३० व्या वर्षानिमित्त राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा जपानच्या राजकीय दौऱ्यावर गेले. त्या वेळी चर्चेत होते ते ब्राझिलियन गोमांसाला जपानची बाजारपेठ खुली करणे, एम्ब्राएर या ब्राझिलियन कंपनीची विमाने, जैवइंधन आणि दक्षिण अमेरिकी देशांच्या मेर्कोसुर या व्यापारी गटाशी करार. गोमांसाचा मुद्दा ब्राझीलने अनेक वर्षे लावून धरलेला आहे, आणि त्या व्यापारासाठी लागणाऱ्या कुरणांचा मोठा भाग पुन्हा सेराडोतच येतो.